तडा भरण्याआधी तो का गेला ते बघा

ट्रेलरच्या चॅसीला तडा गेला की वरून वेल्डिंगचा रॉड फिरवायचा, ग्राइंडर मारायचा, रंग लावायचा आणि गाडी सोडायची, ही पद्धत सगळीकडे चालते. असा तडा परत येतो. बहुतेक वेळा जुन्या जागी येतच नाही, नव्या भरावाच्या काठाला, दोन-तीन इंच पलीकडे येतो. मग त्यावर पट्टी चढते, पुढच्या वेळी पट्टीच्या टोकाला तडा जातो, त्यावर आणखी मोठी पट्टी. शेवटी मेन बीम एवढा ठिगळलेला असतो की तो कापून बदलण्याशिवाय इलाज उरत नाही. दोष वेल्डरच्या हाताचा असतोच असं नाही. तडा कशामुळे गेला हे कुणी बघितलेलंच नसतं.

चॅसीचं लोखंड एका झटक्यात क्वचित तुटतं. ते थकतं. माल भरला, खड्डा आला, वळण आलं, माल उतरला. प्रत्येक वेळी बीमचा खालचा भाग ताणला जातो आणि सैल पडतो. हे लाखो वेळा झालं की जिथे खाच आहे तिथून चीर सुरू होते. खाच म्हणजे वेल्डच्या कडेचा अंडरकट (मूळ धातूत पडलेली खोबण), गॅस कटरने मारलेल्या भोकाची खडबडीत कड, ग्राइंडरचा आडवा ओरखडा, नाहीतर कुणीतरी वायरचा क्लिप बसवायला फ्लँजवर (बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीवर) मारलेला एक छोटा टॅक (वेल्डचा टिपका). वेल्ड केलेल्या सांध्यांचं आयुष्य ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने कमी होतं. म्हणजे ताण २५ टक्क्यांनी वाढला तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. ओव्हरलोड गाडीचा तडा भरून ती पुन्हा तेवढ्याच मालाला लावली, तर पहिल्यापेक्षा लवकर परत येणार हा सरळ हिशोब आहे.

म्हणून आधी तडा वाचायचा. दोन आधारांमध्ये, म्हणजे किंग पिन (ट्रेलर ज्याने ओढणाऱ्या ट्रकला जोडतात तो पिन) आणि एक्सल यांच्या मधल्या भागात, बीमचा खालचा फ्लँज ताणाखाली असतो. एक्सलच्या मागे बाहेर निघालेल्या भागात माल असेल तर उलट, वरचा फ्लँज ताणला जातो. तडा ताणाच्या बाजूच्या फ्लँजच्या काठावरून सुरू होऊन वेबमध्ये (दोन फ्लँजांमधल्या उभ्या भागात) चढला असेल, तर वाकण्याचा ताण जास्त झालाय. हँगरच्या (पाटा टांगणाऱ्या ब्रॅकेटच्या) वेल्डच्या टोकाशी असेल तर सस्पेन्शन बघा: मुख्य पाटा (स्प्रिंगची पट्टी) तुटलाय का, यू-बोल्ट सैल आहेत का, टॉर्क रॉडचे बुश गेलेत का, एक्सल तिरका चाललाय का. वेबमध्ये क्रॉस मेंबरच्या (दोन बीम जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) कोपऱ्यात तडा असेल तर चॅसी पिळली जातेय. तडा फक्त एकाच बाजूच्या बीमला असेल तर दुसऱ्या बाजूचा पाटा, एअर बॅग आणि माल भरण्याची सवय तपासल्याशिवाय होल्डर हातात घेऊ नका. तुकडा पूर्ण सुटला असेल तर तुटलेलं तोंड फेकून देऊ नका. जुना, हळूहळू वाढलेला भाग गुळगुळीत आणि गंजून तपकिरी झालेला असतो. शेवटी एकदम तुटलेला भाग चमकदार, दाणेदार दिसतो. तपकिरी भाग ज्या बिंदूकडे निमुळता होतो तिथेच सुरुवात झालेली असते. त्या बिंदूवर काय होतं ते शोधा.

डोळ्यांना दिसणाऱ्या टोकापाशी तडा संपत नाही. रंग आणि गंज साफ करा, पण शॉट ब्लास्ट किंवा जोरात ग्राइंडिंग करू नका, त्याने चिरेचं तोंड दाबून बंद होतं. मग डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरेत शिरणारा रंग, वापरा. जागा क्लीनरने पुसा, कोरडी होऊ द्या, लाल डाय मारा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. डाय काढताना क्लीनर थेट पृष्ठभागावर फवारू नका, चिरेतला डायही धुऊन जातो. कापडावर क्लीनर घ्या आणि पुसा. त्यावर पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. काही मिनिटांत लाल रेघ उमटते आणि तडा खरा कुठवर गेलाय ते कळतं. दिसणाऱ्या टोकाच्या थोडं पुढे, रेघेच्या वाटेवरच, ६ ते ८ मिमीचं भोक आरपार पाडा. गरम करताना तडा पुढे पळू नये म्हणून हे भोक असतं. नुसतं भोक पाडून गाडी सोडणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. एक धोका इथेच सांगतो. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरून त्याच जागी आर्क पेटवला तर फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होतो. डबीवरचे घटक वाचा, असा क्लीनर वेल्डिंगच्या जागेजवळ आणूच नका. पेनेट्रंटचे अवशेषही पूर्ण पुसून काढा.

आर्क पेटवण्याआधी बॅटरीच्या तारा काढा, इंजिन कंट्रोल युनिटचे आणि ट्रेलरच्या एबीएस किंवा ईबीएस (ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक) मॉड्यूलचे प्लग सोडवा. अर्थ क्लॅम्प नेहमी त्याच भागावर, वेल्डच्या जितका जवळ जमेल तितका, घासून चकचकीत केलेल्या जागेवर लावा. एक्स्कॅव्हेटरचा बूम (लांब हात) वेल्ड करताना क्लॅम्प बकेटला लावला, तर करंट पिन आणि बुशमधून जातो. अर्थ खालच्या ट्रॅकला असेल तर तो टर्नटेबलच्या बेअरिंगमधूनच परत येतो. बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि रेसवर बारीक ठिणग्यांचे खड्डे पडतात, आणि पुढे ते बेअरिंग आवाज करू लागलं की कुणाला त्या वेल्डिंगची आठवणही नसते. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंगही असेच मरतात.

टायर बसवलेल्या रिमवर कधीही वेल्डिंग करायचं नाही, हवा काढलेली असली तरी नाही. उष्णतेने आतलं रबर विघटित होतं, ज्वलनशील वायू साठतो आणि टायर स्फोटासारखा फुटतो. माणसं यात जागीच मरतात. इंधन किंवा रसायनाचा टँकर रिकामा दिसला तरी वायुमुक्त करून मीटरने तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. बंद पोकळ नळीला आधी हवा जायला वाट करून द्या. हायड्रॉलिक लाइनचा दाब सोडा, जवळचे होज आणि एअर पाइप ओल्या फायर ब्लँकेटने झाका. काम संपल्यावर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, कुणीतरी तिथे थांबून आग धुमसत नाही ना हे बघावं. लाकडी फळ्यांचा डेक असेल तर हे विशेष पाळा, कारण ठिणगी फळीच्या फटीत जाऊन बसते.

गाडी रिकामी करा. जॅकने बीम थोडा थोडा उचलत तड्याच्या दोन्ही कडा एका रेषेत आणा, मग वजन स्टँडवर घ्या. जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. बीम खाली झुकलेला असतानाच वेल्ड केलं तर तो वाक कायमचा बसतो. लांब दोरी ताणून दोन्ही बीमचा कॅम्बर (उभा बाक) मोजा आणि चांगल्या बाजूशी जुळवा.

आता खोबण. तडा पूर्ण काढायचा आहे, झाकायचा नाही. कार्बन आर्क गाउजिंग (आर्कने धातू वितळवून खोदणं) असेल तर काम लवकर होतं, पण गाउजिंगनंतर पृष्ठभागावर कार्बन शोषलेला कडक थर राहतो. तो १ ते २ मिमी ग्राइंड करून काढला नाही तर वेल्डच्या मुळाशीच ठिसूळपणा येतो. नुसता ग्राइंडर असला तरी चालतं, वेळ जास्त लागतो एवढंच. दोन्ही बाजूंमध्ये मिळून साधारण ६० अंशांची व्ही, मुळाशी २-३ मिमीची फट. मागून हात जात असेल तर पुढून भरून झाल्यावर मागून गाउज करून चांगल्या धातूपर्यंत या आणि मागूनही भरा. हात जात नसेल तर मागे ५-६ मिमीची बॅकिंग पट्टी घट्ट टेकवा. खोबण झाल्यावर पुन्हा डाय मारून बघा. लाल रेघ अजून दिसत असेल तर अजून खोदा. ही दुसरी तपासणी बरेच जण टाळतात, आणि तळाशी राहिलेल्या दोन मिमीच्या चिरेवर सुंदर बीड (वेल्डची रेघ) चढवतात.

रॉड लो हायड्रोजन, ई७०१८. कारण हायड्रोजन. ओलाव्यातून आलेला हायड्रोजन गरम धातूत विरघळतो, थंड होताना वेल्डच्या शेजारच्या कडक झालेल्या पट्ट्यात अडकतो आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतून तडा काढतो. म्हणून उघड्या पुड्यातले रॉड वापरू नका. सीलबंद डबा उघडला की रॉड १२० ते १५० अंशांच्या ओव्हनमध्ये. ओव्हनमधून काढलेला रॉड चार तासांत संपवायचा. ओलावा धरलेले रॉड बनवणाऱ्याच्या सूचनेनुसार भाजायचे, बहुतेकांना साधारण ३५० अंशांवर एक ते दोन तास लागतात. एकदा पाण्यात भिजलेला रॉड मात्र सरळ फेका. ३.१५ मिमीच्या रॉडला साधारण ९० ते १४० अँपिअर, ४ मिमीला १४० ते १९०, रॉड पॉझिटिव्हला. आर्क अगदी आखूड ठेवा, लांब आर्कमध्ये हवा शिरते आणि भोकं पडतात. रुंद विणकाम करू नका, सरळ बीड एकाशेजारी एक टाका. उभ्या वेबवर खालून वर चढा. वरून खाली ओढलेला बीड दिसतो सुबक, पण या जाडीत धातू नीट भेदत नाही. मिग (गॅसच्या कवचाखालचं तारेचं वेल्डिंग) वापरत असाल तर वारा ताशी ८ किमीपेक्षा जास्त असला की गॅसचं कवच उडून जातं. उघड्यावर एक तर पडदा बांधा नाहीतर रॉडनेच काम करा.

फ्लँजच्या काठापर्यंत जाणाऱ्या वेल्डला दोन्ही बाजूंनी त्याच जाडीचे छोटे तुकडे जोडा. बीड त्या तुकड्यावर सुरू होऊन त्या पलीकडच्या तुकड्यावर संपला पाहिजे. नंतर ते कापून काढा. आर्क सुरू आणि बंद होण्याच्या जागी खड्डा आणि बारीक दोष राहतातच. ते फ्लँजच्या काठावर राहिले तर पुढचा तडा तिथूनच. फ्लँज आणि वेब दोन्ही फाटलेले असतील तर आधी फ्लँज भरा, मग वेब. जाड भाग जास्त आकसतो, त्याला आकसायला मोकळीक मिळाली पाहिजे.

प्रीहीटबद्दल, म्हणजे वेल्डआधी तापवण्याबद्दल, दोन टोकाच्या चुका होतात: कुणी करतच नाही, कुणी लाल होईपर्यंत तापवतो. साध्या स्ट्रक्चरल स्टीलची १०-१२ मिमी जाडी असेल तर ओलावा उडवण्यापुरतं कोमट पुरतं. २५ मिमीच्या पुढे ६५ ते ११० अंश लागतात. लोखंड कोणतं आहे ते टेस्ट सर्टिफिकेटवरून कळत असेल तर टक्केवारी घेऊन कार्बन इक्विव्हॅलंट (वेल्डनंतर तडा जाण्याचा कल सांगणारा आकडा) काढा: कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा हिस्सा, अधिक क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा हिस्सा, अधिक निकेल आणि तांबं यांच्या बेरजेचा पंधरावा हिस्सा. उत्तर ०.४० च्या खाली असेल तर काम सोपं, ०.४५ च्या वर गेलं की प्रीहीट आणि कोरडे रॉड यांत हयगय नको. तापमान टेम्परेचर स्टिकने किंवा थर्मामीटरने मोजा. इन्फ्रारेड गन चकचकीत ग्राइंड केलेल्या जागेवर फार कमी दाखवते, तिच्यावर तिथे विश्वास ठेवू नका. काही ट्रकच्या चॅसीचे बीम हीट ट्रीटमेंट केलेल्या जास्त ताकदीच्या स्टीलचे असतात. गरम केलं की त्या पट्ट्यात ती ताकद जाते. तिथे बनवणाऱ्याच्या दुरुस्तीच्या सूचनांशिवाय वेल्डिंग करूच नये.

भरून झाल्यावर फ्लँजवरचा भराव सपाट करा. ग्राइंडरचे शेवटचे ओरखडे बीमच्या लांबीच्या दिशेने आले पाहिजेत. आडवा ओरखडा म्हणजे ताणाला काटकोनात मारलेली खाच. आधी जाड डिस्क, मग बारीक फ्लॅप डिस्क, आणि बोट फिरवल्यावर कड लागता कामा नये.

आता पट्टी, आणि सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच होताना बघतो. चौकोनी जाड पट्टी खालच्या फ्लँजला चिकटवून चारही बाजूंनी वेल्ड मारला, की पट्टीच्या आडव्या टोकाशी बीम एकदम ताठ होतो. लवचिक भाग आणि ताठ भाग यांच्या सीमेवर सगळा ताण गोळा होतो, आणि तिथेच ताणाला काटकोनात असलेला फिलेट (कोपऱ्यात भरलेला) वेल्ड बसलेला असतो. याहून वाईट तपशील शोधून सापडणार नाही. सांधा पूर्ण जाडीतून नीट भरला असेल तर पट्टी बऱ्याचदा लागतच नाही. लागलीच, तर ती वेबवर लावा, जाडी वेबएवढी किंवा कमी. टोकं आडवी कापू नका, ३० ते ४५ अंशांत निमुळती करा, म्हणजे ताठपणा हळूहळू वाढेल आणि हळूहळू कमी होईल. पट्टीची कड फ्लँजच्या वेल्डपासून निदान २०-२५ मिमी दूर. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे पट्ट्या असतील तर त्यांची टोकं एकाच जागी आणू नका, पुढे-मागे ठेवा. वेल्ड टोकाच्या कोपऱ्यात सुरू किंवा बंद करू नका.

काही भागांवर वेल्डिंग नाहीच. पाटे नाहीत, यू-बोल्ट नाहीत, एक्सल बीमची खालची बाजू नाही. किंग पिनवर भराव घालून खरादून वापरणं तर अजिबात नाही. दोन इंची किंग पिन नवा असताना ५०.८ मिमी असतो आणि ४९ मिमीवर आला की बदलायचा. पूर्ण ट्रेलर त्या एका पिनवर ओढला जातो.

एक्स्कॅव्हेटरच्या बकेटचं गणित वेगळं आहे, तिथे थकव्याइतकीच झीजही मोठी. दातांचे अडॅप्टर मिश्रधातूच्या ओतीव स्टीलचे असतात, त्यांना आणि लिप प्लेटला (बकेटच्या पुढच्या कडेच्या प्लेटला) १५० ते २०० अंश प्रीहीट लागतं. वरून फक्त ज्वाला फिरवून भागत नाही, उष्णता पूर्ण जाडीत मुरू द्या आणि सांध्यापासून ७५ मिमी अंतरावर मोजा. वेल्ड लिपच्या पुढच्या कडेच्या किमान २५ मिमी आत थांबवा. काम झाल्यावर काचलोकरीने किंवा सिरॅमिक ब्लँकेटने झाका, पाणी मारू नका. हार्डॉक्स ४५० सारख्या झीजरोधक प्लेटला उलट काळजी: २५० अंशांच्या वर तिचा कडकपणा उतरू लागतो, म्हणून दोन बीडमधलं तापमान २२५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. रॉड मात्र मऊ, तोच ७०१८. प्लेटच्या कडकपणाचा रॉड शोधत बसणं चूक आहे, मऊ वेल्ड आकसण्याचा ताण सोसतो.

क्रशरचे जॉ (दगड फोडणारे जबडे) आणि काही जुन्या झीजेच्या भागांत मँगनीज स्टील असतं, ११ ते १४ टक्के मँगनीजवालं. ओळखायला चुंबक लावा, चिकटत नाही. त्याचा नियम बाकी सगळ्याच्या विरुद्ध आहे. प्रीहीट करायचं नाही, भाग २६० अंशांच्या वर तापू द्यायचा नाही, नाहीतर तो ठिसूळ होतो. छोटे बीड, जागा बदलत, वेल्डपासून १५-२० सेंमीवर उघडा हात टेकता येईल इतपतच उष्णता. या स्टीलचा आणि हार्ड फेसिंगचा (झीज रोखणाऱ्या कडक भरावाचा) धूर मँगनीज आणि क्रोमियममुळे खरोखर घातक असतो, एक्झॉस्ट किंवा योग्य मास्क लावा. जस्ताचा मुलामा असेल तर तो आधी ग्राइंड करून काढा.

पिनचं भोक अंडाकृती झालं असेल तर त्यात भराव घालून हाताने ग्राइंड करून गोल होत नाही. बोअर वेल्ड करून लाइन बोरिंग मशीनने दोन्ही कानांमधून एकाच अक्षात कापावं लागतं. दोन भोकं अर्धा मिमी जरी तिरकी राहिली तरी नवीन पिन एका कडेवर टेकतो आणि बुश फार लवकर खातो. बुश हातोड्याने ठोकू नका. ड्राय आइसमध्ये ठेवा: १०० मिमी व्यासाचा स्टीलचा बुश १०० अंशांनी थंड झाला की साधारण एक दशांश मिलिमीटरने आकसतो आणि हाताने सरकतो. सरकवायला फारच थोडा वेळ मिळतो, म्हणून भोकातला बर (धातूची धारदार कड) आधीच काढा, आणि ग्रीसच्या छिद्राची दिशा आणि किती आत सरकवायचा ती खूण आधीच ठरवून ठेवा. बुश सैल लागला म्हणून कडेने टॅक मारून अडकवू नका. तो कडक केलेला असतो, टॅकच्या जागी तडकतो.

वेल्ड झाल्याच्या दिवशीची डाय टेस्ट पुरेशी नाही. जाड किंवा जास्त ताकदीच्या स्टीलवर ४८ तासांनी पुन्हा करा, हायड्रोजनचे तडे तेव्हा दिसतात. सस्पेन्शन उघडलं असेल तर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळा. भरलेल्या जागेवर जाड काळा रंग चढवू नका, फिकट प्रायमरचा एक पातळ हात द्या. नवा तडा गेला तर त्यातून गंजाची तांबूस रेघ बाहेर येते, आणि फिकट रंगावर ती चालकालाही रोजच्या फेरीआधी वाकून बघितली तरी दिसते.